दोन बोटं कापड

सावईच्या चढावर, पोस्टाच्या शेजारी, माझी खोली.
बाहेर पाटी: जत्रेच्या नाटकांचे कपडे भाड्याने मिळतील.
खाली बारीक अक्षरांत: धुऊन परत आणावेत.
ते कुणी वाचत नाही.

भाची सुलक्षा पणजीच्या हॉटेलात नोकरीला.
परवा कंपनीने दिलेला कागद घेऊन आली,
माणसांचे बारा साचे, प्रत्येकापुढे चौकोन.
राजा, योद्धा, विदूषक, ज्ञानी, सांभाळणारी...
“मावशी, तू यातली कोण ते सांग.
स्वतःला ओळखायचं असतं म्हणे.”
मला हसू आलं. बोटाने वर दाखवलं तिला:
दोरीवर सगळे टांगलेलेच होते
डांबराच्या गोळ्यांच्या वासात,
गळ्याशी घामाने पिवळे पडलेले.

एकतीस वर्षांत एवढं कळलंय,
खलनायकाचा काळा झगा मागायला
गावातला सगळ्यात मऊ माणूस येतो.
पुंडलिक पोस्टमन, कुत्र्यालाही ‘अहो’ म्हणणारा,
रंगमंचावर असा गरजतो
की पुढच्या रांगेतली मुलं आईच्या पदरात शिरतात.
परत करताना म्हणतो, “खूप दिवसांनी बरं वाटलं,”
आणि पैसे मोजताना दोनदा चुकतो.
विदूषकाची टोपी कायतान नेतो, तियात्रासाठी.
बायको गेली त्या वर्षीही नेली.
आत, कपाळाच्या जागी, मिठाचा एक पांढरा डाग
अजून निघत नाही.

सुलक्षाने माझ्यासाठी खूण केलीच: सांभाळणारी.
मीही मान डोलावली.
सगळ्यांचं शिवते, सगळ्यांचं झाकते.

रात्री मात्र डोळा लागेना.
उठले, दिवा न लावता भगव्या कफनीत हात घातला.
वाटणीच्या वेळी हीच तर घातली होती मी, मनात.
भावांनी कागद पुढे केला, मी सही केली.
मला कशाला कुळागर? मला काही नको.
लोक म्हणाले, बाई मोठ्या मनाची.
अकरा वर्षं मीही तेच म्हणत आले.

पण ओहोळापलीकडच्या पोफळी मोजते की मी.
यंदा कोणत्या झाडाची शेंडी वाळली,
साळदाटीचा घड किती फण्यांचा,
सुपारी कुणाला आणि काय भावाने गेली,
विचारा, तोंडपाठ आहे.
संन्यासी पोफळी मोजत नाही.
हे मोजणं दोरीवरच्या दुसऱ्याच कपड्याचं,
जरीच्या, जड, कोपऱ्यात सरकवलेल्या.
राज्य गेलेल्याचं.

अंगरखा काढून अंगाला लावला.
खांदे ढगळ, छातीत घट्ट.
आरशात बघायला उजेड नव्हता, तेच बरं.
मग दिवा लावून तो उलटा केला
आणि काखेतली शिवण उसवली.

शिवताना मी प्रत्येकात दोन बोटं कापड
आत दुमडून सोडते.
पुढच्या वर्षी कोणाचं अंग येईल, काय सांगावं.
त्या कापडाने कधी ऊन बघितलेलं नसतं.
बाहेरून अंगरखा विटून राखेसारखा झाला होता,
आत तो अजून मोरपंखी होता.
मीच आणलेलं कापड, म्हापशाच्या बाजारातून,
रंग विसरले होते.

सकाळी धाकट्या भावाच्या दारात गेले.
चहा नको म्हटलं, मग घेतला.
म्हटलं, माझ्या वाट्याला कोणत्या पोफळी आल्या असत्या
तेवढं दाखव.
नेणार नाही.
किंवा नेईनही. माहीत नाही.
त्याने बराच वेळ चष्मा पुसला.
साकव निसरडा होता, हात पुढे केला.
मी धरला.

सुलक्षाचा कागद यंत्राच्या पायाखाली आहे,
घडी करून घातलेला, यंत्र डुगडुगू नये म्हणून.
पंधरवड्यावर काला आलाय.
पुंडलिक काल दारातून विचारून गेला,
झगा राखून ठेवलाय ना?
ठेवलाय.
कमरेत थोडा सैल केलाय.